ग्वाल्हेरचा उसना बर्फ

साताऱ्याहून निघालो तेव्हा वळकटीत दोन धोतरं होती, बहिणीसाठी कंदी पेढे होते आणि डोक्यात एकच प्रश्न होता: ग्वाल्हेरात बर्फ आला कुठून?

झालं होतं असं. माझी धाकटी बहीण शालू ग्वाल्हेरला दिलेली. तिची तेरा वर्षांची मुलगी कुसुम तिथल्या कुठल्याशा क्लबात ‘स्की’ खेळते, म्हणजे पायांना लांब फळ्या बांधून घसरते. आता तो क्लब चालवणारे एक सुभेदार तिला चार-पाच मुलांबरोबर हिवाळ्यात थेट काश्मिरात, गुलमर्गला न्यायचं म्हणतात. शालूनं कळवलं होतं, “दादा, तू येऊन माणूस बघून जा. तू हो म्हणालास तर पाठवीन, नाहीतर विषय संपला.” दाजी कचेरीबरोबर इंदूरला. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाल्यापासून सरकार अर्धं वर्ष ग्वाल्हेरात आणि अर्धं इंदुरात. त्यात आता हेही मोडून राजधानी भोपाळला जाणार अशी बोलवा उठली होती. इतकं सगळं घसरत असताना एका सुभेदारानं वेगळी घसरगुंडी काढावी, हे मला काही पटेना.

मी जकात नाक्यावरचा कारकून. पेरूच्या पाटीखाली तुपाचा डबा निघतो हे मला अनुभवानं ठाऊक. ज्या गावात उन्हाळ्यात दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही, तिथं बर्फाचा क्लब काढणाऱ्या माणसाच्या पाटीखाली काय आहे, ते बघायलाच मी निघालो होतो.

झाशी मागे पडली आणि काही वेळानं उजाडता उजाडता किल्ला दिसला. आमचे किल्ले डोंगराच्या डोक्यावर बसतात. हा डोंगरभर लांबच लांब आडवा झालेला. दिसायला सुरेख, हे मान्य करतो. पण स्टेशनाबाहेरच्या टांगेवाल्यानं मला इंदरगंजच्या चौकातून दोनदा नेलं. मी तोच पानवाला दुसऱ्यांदा ओळखला तेव्हा तो म्हणाला, “बाबूजी, रास्ता खुदा पड़ा है.” रस्ता कुठंही खणलेला नव्हता. गावाबद्दलचं माझं मत तिथंच अर्धं तयार झालं.

शालूच्या घरी बेडई (उडदाचं सारण भरलेली पुरी) आणि बटाट्याचा रस्सा तयार होता. झणझणीत. दुसरी बेडई खाताना माझं लक्ष कुसुमच्या मनगटाकडे गेलं. तिथं एक पांढरं आणि एक पिवळं सूत बांधलेलं होतं.

“हे काय गं? कुणाचा गंडा?”

“गंडा नाही मामा, दर्जा आहे,” कुसुम हसून म्हणाली. “सफेद म्हणजे पहिला. त्यात पडायला शिकवतात.”

“पडायला?”

“हो ना. पडायचं आणि हात न टेकता उठायचं. पिवळा म्हणजे दुसरा, काठ्यांमधून वळत यायचं. लाल तिसरा, रेस. एकही काठी न चुकवता दोन्ही बारी, म्हणजे दोन्ही खेपांना, खाली यायचं. लाल मिळाला की गुलमर्ग. माझी रेस उद्याच आहे!”

“आणि चौथा?”

“चौथा इथं नाहीच. तो फक्त असली बर्फावर होतो.”

पैलवान आधी पाडायला शिकतात. ही मंडळी आधी पडायला शिकवत होती. मी शालूकडे पाहिलं. तिनं पुढचा घाणा तळायला घेतला.

“इथं तरी कशावर घसरता?” मी विचारलं.

“भूसीवर,” कुसुम म्हणाली. भूसी म्हणजे डाळीची टरफलं.

आता मात्र कमाल झाली. टरफलं हे गुरांचं खाद्य. ती उतारावर ओतायला हा सुभेदार आणतो कुठून? दुपारी मी एकटाच दाल बाजारात गेलो. पोत्यांच्या थप्प्या, हळदीसारखी उडणारी तुरीची धूळ आणि दर चार पावलांवर शिंक. एका आडत्याच्या गादीशी जाऊन मी आडून आडून विषय काढला. तो माणूस आडून बोलणाऱ्यांतला नव्हता.

“सूबेदार साहब? सुबह भूसी ले जाते हैं, शाम को तौलकर लौटा देते हैं. एक मुट्ठी कम नहीं.”

“घसरून झालेली भूसी तुम्ही परत घेता?”

“क्यों नहीं? भैंस ने आज तक शिकायत नहीं की.” तो आणि त्याचा तोलणारा दोघंही मनापासून हसले.

म्हणजे बर्फही उसना. संध्याकाळी परत करायचा. माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. इतका चोख व्यवहार ठेवणारा माणूस काहीतरी झाकत असणार, असं माझा जन्मभराचा धंदा मला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी कुसुमबरोबर बिर्लानगरला गेलो. गिरणीच्या चाळींमागे दगडाची एक जुनी, सोडून दिलेली खाण आहे. तिच्या एका बाजूच्या उतारावर वरपासून खालपर्यंत वीतभर जाडीचा टरफलांचा पट्टा अंथरला होता. उन्हात तो चकाकत होता. दुरून बघणाऱ्याला एखाद वेळ खरंच काहीतरी थंड आहे असं वाटावं. वर पंधरा-वीस मुलं. पायांना पुढून वाकवलेल्या, मेण चोळलेल्या सागवानी फळ्या, हातात बांबू. कुसुमनं सलवार घातली होती. शालूच्या सासरच्यांनी त्यावरून आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं म्हणे.

सुभेदार खाली उभे होते. साठीकडे झुकलेले, ताठ, मिशा पांढऱ्या. पूर्वी संस्थानच्या फौजेत, आता गिरणीच्या दारावर पहाऱ्याला. “या मामासाहेब, या! साताऱ्याचे ना? आमचे पुरखे पण तिकडचेच,” असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी एका दगडावर पोतं अंथरलं. फार अदबीनं वागणाऱ्या माणसाची मी पाटी दोनदा तपासतो. मी त्यांची मनगटं पाहिली. पांढरं नाही, पिवळं नाही, लालही नाही. क्लबाच्या प्रमुखाकडे एकही सूत नव्हतं.

शर्यत सुरू झाली. पहिल्या खेपेला कुसुम काठ्यांमधून अशी सळसळत आली की मी पोत्यावरून उठलो. सगळ्यांत कमी वेळ तिचा. दुसऱ्या खेपेला मात्र सुभेदारांनी क्रम उलटा केला. जी पहिली, ती सगळ्यांत शेवटी. तोवर बाकीच्यांनी टरफलं उधळून मध्ये दगड उघडा पाडला होता.

“हा कुठला न्याय?” मी विचारलं.

“न्याय नाही, रिवाज आहे. बर्फावर पण असंच असतं. जो चांगला, त्याला खराब वाट.”

मला त्यात सरळ लबाडी दिसली. पोरीला पाडायचं आणि लाल सूत दुसऱ्याला द्यायचं, दुसरं काय? तेवढ्यात कुसुम निघाली. उघड्या दगडाशी फळी खरडली आणि ती खरंच पडली. पण तिनं अंग कुशीवर टाकलं, पाय खाली वळवले आणि हात न टेकता उभी राहिली. पुढच्या सगळ्या काठ्या नीट घेत ती खाली आली. नंबर तिसरा लागला, पण काठी एकही चुकली नव्हती. सुभेदारांनी खिशातून लाल सूत काढलं आणि तिच्या मनगटाला बांधलं.

पोरं टरफलं पोत्यांत भरू लागली. सुभेदार मला गुलमर्गचं वर्णन सांगत होते: उतरणारे कसे झाडीतून अचानक बाहेर येतात, थांबताना बर्फाचा कसा फवारा उडतो, तोंडाची वाफ कशी निघते. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की हे सगळं पायथ्याशी उभं राहून पाहिलेलं आहे. सकाळपासून या माणसानं फळीला पाय लावला नव्हता.

“सुभेदार,” मी हळूच विचारलं, “वरून खाली बघताना काय दिसतं?”

त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं, सोडलं, पुन्हा आवळलं.

“खरं सांगू मामासाहेब? वरून मी कधी पाहिलंच नाही.”

डबा सापडला! मला अगदी नाक्यावर व्हावा तसा आनंद झाला. पण तो फार टिकला नाही, कारण सुभेदार स्वतःच पुढचं सांगू लागले.

“काश्मिरात आमची खच्चरांची (खेचरांची) तुकडी होती. आम्ही रसद पोचवायची, बस. वरून फौजी लोक फळ्यांवर उतरायचे. मी लगाम धरून पाहत राहायचो. पूरा एक जाडा (हिवाळा) पाहिलं. मग संस्थानची फौज हिंदुस्थानच्या फौजेत मिळाली, तेव्हा छाटणी झाली. ज्यांना घ्यायचं त्यांना घेतलं, मला घरी पाठवलं. इथं दारावर उभा राहून राहून तेच दिसायचं. म्हटलं, पोरांना तर दाखवू.”

“पोरांना हे सांगितलंत?”

“कोणी विचारलंच नाही. आज तुम्ही विचारलं.”

“मग त्यांना गुलमर्गला कशाच्या जोरावर नेता?”

“त्याचसाठी तर नेऊन राहिलो ना! माझ्याजवळ होतं ते संपलं. तिथं एक उस्ताद आहे, त्याचं सामान मी वाहिलेलं. तो म्हणाला, पोरं घेऊन ये. आमची बायको पण सोबत येते, मुलींची काळजी नको. रसद वर पोचवायची, इतकंच माझं काम.”

उस्ताद खरा कशावरून, हेही मनात येऊन गेलंच. माझा स्वभाव एका दुपारीत बदलणारा नाही.

परतताना टांग्यात कुसुम आपल्या लाल सुताकडे बघत होती. तिला सांगावं की नाही, मला कळेना. शेवटी म्हटलं, “कुसुम, तुझे सुभेदार कधी फळ्यांवर चढलेच नाहीत.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“सगळ्यांनाच माहीत आहे मामा. ते कधी चढत नाहीत, दिसतं ना आम्हाला. पण कोणी बोलत नाही, त्यांना बुरा वाटेल. म्हणून तर मला जायचंय. मी शिकून येईन, मग त्यांना शिकवीन. आधी पडायला! त्यांचं सफेद सूत मीच बांधणार, बाकीच्यांना सांगून ठेवलंय.”

माझे डोळे भरून आले. दाल बाजाराची धूळ अजून गेली नव्हती, असं मी तिला सांगितलं.

घरी पोचल्यावर शालूला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती हात पुसत ऐकत होती. “म्हणजे माणूस खोटाच की रे, दादा.”

“खोटा असता तर चौथा दर्जाही इथंच काढला असता,” मी म्हणालो. “आपल्याला कुठवर येतं ते त्यानं लपवलं नाही, त्याच्या पुढं पोरींना पाठवायला निघालाय.”

“मग हो म्हणतोस का नाही?”

उभ्या जन्मात मी कुणाची पाटी न उघडता पुढं सोडलेली नाही. गुलमर्गचा उस्ताद मी पाहिला नव्हता, बर्फ पाहिला नव्हता, वाट पाहिली नव्हती. “हो,” म्हणालो. शालूनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच, गरम कपडे कुणाकडून मागायचे, ते मोजायला लागली.

आता साताऱ्यात थंडी पडली आहे. सकाळी नाक्यावर शेकोटी करतो आणि आल्यागेल्याला नेहमीसारखं विचारतो, खाली काय आहे? लोक नेहमीसारखेच खोटं बोलतात. या आठवड्यात मंडळी गुलमर्गला पोचली असतील. उस्ताद भेटला की नाही, पोरगी नीट आहे की नाही, या विचारानं हातातलं काम राहून जातं. निघताना स्टेशनावर कुसुमला मी एकच काम सांगून आलो आहे. वर पोचलीस की थांब, खाली नीट बघ, आणि काय दिसतं ते आधी सुभेदारांना सांग. मला मागाहून कळवलंस तरी चालेल.