डोक्यातली लेझीम

माझं डावं-उजवं लहानपणापासून कच्चं आहे. मी खुलताबादला शाळेत भूगोल शिकवतो.

वर्गात निभतं. (नकाशा भिंतीवर टांगला की पूर्व आपोआप उजवीकडं येते, छापणाऱ्याची कृपा!) पण चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लेझीम हातात आली की गल्ली एकीकडं आणि मी दुसरीकडं! म्हणून मंडळानं मला कायम पाण्याच्या जारवर ठेवलेलं. यंदा मात्र माझी लेक सुजाता लेझीम पथकाची कॅप्टन झाली, आणि तिनं मला थेट पहिल्या रांगेत घेतलं.

मंडळाचे अध्यक्ष भालेरावकाका बैठकीत ताडकन उठले. "सरांना? अगं पोरी, त्यांना स्वतःच्या चपलेत डावी कोणती ते कळत नाय!"

"मी शिकवते ना काका."

"शिकव. पण चौकात घोळ झाला, तर पुढच्या साली शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात. चालंल?"

"चालंल!"

पोरीची शिट्टी माझ्या पायांच्या भरवशावर!

सुजाता मेंदूच्या शास्त्रात एम.एस्सी. करते. कॉलेजातून तिनं एक पट्टा आणला. तो कपाळाला बांधायचा, डोळे मिटून सोफ्यावर बसायचं आणि आपण लेझीम खेळतोय असं मनात आणायचं. मन नीट खेळलं की पट्ट्यावरचा दिवा हिरवा, भरकटलं की लाल. "असा सराव केला की हातपाय सुधारतात, पप्पा." बसल्या जागी सुधारणा! हे शास्त्र माझ्यासाठीच निघालं असावं.

मिटल्या डोळ्यांनी मला दिवा दिसेना, म्हणून बायको समोर भाजी निवडत पुकारा करायची.

"लाल... लाल... अवो, लालच हाय! मनात काय चाललंय?"

"लेझीम."

"खोटं! मन वांग्यात हाय तुमचं."

(होतंच.)

शेवटी सुजातानं समोर उभं राहून सगळे हात खेळून दाखवले. मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला आणि रोज तोच बघून, डोळे मिटून मनात जसाच्या तसा उतरवला. एका संध्याकाळी बायको किंचाळली, "हिरवा! सुजा, पळ, बापाचा दिवा हिरवा झाला!"

मग काय विचारता! मी स्टाफरूममध्ये मेंदूवर व्याख्यानं द्यायला लागलो. प्रत्यक्ष तालमीला मात्र फिरकलो नाही. दिवा हिरवा असताना उन्हात घाम कशाला गाळायचा?

"पप्पा, एकदा तरी मैदानावर या!"

"आता थेट चौकातच बघ."

चौदा एप्रिलला निळा फेटा बांधला, खाली पट्टा, दिवा तेवढा बाहेर. चौकात शिट्टी वाजली. सगळं पथक उजवीकडं झुकलं आणि मी पूर्ण आत्मविश्वासानं डावीकडं, थेट शेजारच्या भालेरावकाकांच्या पोटात!

"सर, उजवीकडं!"

"तुम्हीच चुकताय काका! दिवा बघा, हिरवा हाय!"

मागची अर्धी रांग मला बघून डावीकडं वळली. सुजाताच्या तेव्हा ध्यानात आलं. तिचा उजवा हात व्हिडिओत माझ्या डावीकडं दिसायचा, आणि मी आरशासारखा तसाच घोटला होता. एक पाऊल चुकलं नव्हतं, फक्त सगळीच उलटी होती.

पण पोरगी हुशार. शिट्टी फुंकून ओरडली, "सगळे डावीकडून! पप्पांसारखं!"

बापाची लाज राखायला अख्खं पथक फिरलं. नेमकी त्याच वेळी मला माझी चूक उमगली होती. मी सगळी ताकद लावून स्वतःला सुधारलं आणि उजवीकडं झुकलो, जिकडं काका मला चुकवायला नुकतेच सरकले होते. खण्ण! भालेरावकाकांचा फेटा रस्त्यावर घरंगळला.

सुजाता आली. माझ्या हातातली लेझीम काढून घेतली. "पप्पा, जारवर."

भर चौकात! मान खाली घालून मी निघालो. लाज वाटलीच, पण जीव तुटत होता तो तिच्या शिट्टीसाठी. तिकडं पथक पुढच्या ठेक्याला एका रेषेत आलं आणि असं खेळलं की चौक दणाणला.

काका फेटा काखेत मारून पाणी प्यायला आले.

"काका, चूक माझी. शिट्टी पोरीकडंच राहू द्या."

"राहणारच की! सख्ख्या बापाला रांगेतून काढणारी कॅप्टन सोडतो व्हय आम्ही?"

माझी छाती अशी फुगली, की जार तिरकाच राहिला आणि ग्लास ओसंडून पाणी काकांच्या बुटात गेलं.

तेवढ्यात गर्दीतून बायको ओरडली, "अवो, दिवा! इतका हिरवागार तर सोफ्यावरबी नव्हता!"

शास्त्राला नावं ठेवू नयेत. माझी खरी जागा कोणती, ते पट्ट्यानं भर चौकात दाखवून दिलं. जार तिरका करायला डावं-उजवं लागत नाही.