आईची पांढरी साडी

ताईचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही सुरतेत लिंबायतला राहत होतो. आम्ही विदर्भातले बौद्ध. बाबा लूमवर कामाला. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. बुद्धाच्या मूर्तीसमोर पंचशील म्हणायचं, एकमेकांना हार घालायचे, की झालं लग्न. गल्लीला मात्र ती साडी पचत नव्हती.

शेजारची मावशी खानदेशची. जीव लावणारी, पण तोंडाला कुलूप नाही. "पांढरं नेसीसन कोनी लगीन करस का वं?" असं येता-जाता म्हणायची. ऐकून ऐकून आईचा धीर सुटला. लग्न आठवड्यावर आलं असताना तिने लाल साडी आणली. "चार लोकांत राहायचंय, बाई. हीच नेस."

ताई त्या दिवशी जेवली नाही. मला आईचा भयंकर राग आला.

रविवारी सकाळी मावशीने टीव्ही बघायला हाक मारली. इंग्लंडच्या राणीच्या धाकट्या मुलाचं लग्न आदल्या दिवशी झालं होतं आणि बातम्यांत तेच चाललं होतं. तिच्या खोलीत अख्खी गल्ली जमलेली. मुलाकडून आमंत्रण असल्यासारख्या बायका नवरदेवाला, बग्गीला, घोड्यांना नावं ठेवत होत्या. तेवढ्यात नवरी दिसली आणि मावशी ओरडली, "ओ माय! राणीनी सून बी पांढरंच घालीसन उनी!"

झालं, वारं फिरलं. पांढरा रंग किती शोभतो, हे सगळ्यांना एकदम कळलं. आईचा चेहराही उजळला. "मग नेस पांढरी," ती ताईला म्हणाली. "आता कोण काय बोलणार?"

ताई ताडकन उठली. "राणीची सून नेसली म्हणून मी नेसायची? तुझ्या लग्नात तू कुठल्या राणीला विचारलं होतंस, आई?"

आई खाली मान घालून घरी आली. मला वाटलं, आता रडणार. पण तिने पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळातून स्वतःच्या लग्नाची साडी काढली. घड्यांवर पिवळी पडलेली. "आमच्या गावात पांढऱ्या साडीत लग्न केलेली पहिली मीच," ती म्हणाली. "लोक तेव्हाही बोललेच होते." मग नीळ घालून तिने ती साडी पुन्हा पुन्हा धुतली.

लग्नात ताई तीच साडी नेसली. इतकी देखणी नवरी मी आजवर पाहिलेली नाही, आणि हे मी तिची बहीण म्हणून सांगत नाही. मावशी पदराला हात लावत कौतुकाने म्हणाली, "राणीनी सूनसारखी दिखस वं!"

"ही साडी तिच्या आधीची आहे," आई म्हणाली, आणि मान वर करून पाहुण्यांना वाढायला गेली.