आईसाठी केलेला स्टँड

आई दम्यानं अंथरुणाला खिळली तेव्हा आम्ही बसवनगुडीत राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात फिटर होते. बदली झालेल्या एका साहेबांनी त्यांना मासे पाळायची भली मोठी काचेची पेटी दिली. पाणी भरल्यावर ती तीन माणसांएवढी जड होणार, म्हणून अण्णांनी पोलादी अँगलचा स्टँड करायला घेतला.

उंची ठरवायला ते खडू घेऊन भिंतीशी उभे राहिले. आई उशीवरूनच म्हणाली, “अजून स्वल्प खाली. मला मान उचलावी लागू नये.”

दोन रविवार खपून त्यांनी अँगल कापले, जोडले आणि गंज धरू नये म्हणून हिरवा रंग दिला. त्या वासानं आईला धाप लागली. अण्णांनी स्टँड मागच्या अंगणात नेऊन ठेवला.

“वास गेला की लगेच आत आणतो,” ते म्हणाले.

आई रोज विचारायची, “गेला का हो वास?”

पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

अण्णांनी मासे आणलेच नाहीत. भेटायला येणाऱ्यांना ते एवढंच सांगत, “रंग द्यायला नको होता. तसाच आत आणला असता तर तिनं चार दिवस तरी मासे पाहिले असते.”