गडीमामांची खुर्ची

गडीमामांना बसलेलं मी फारसं पाहिलंच नाही. सायकलदुरुस्तीच्या स्वतःच्या दुकानातही ते उभेच. चहासुद्धा उभ्यानं. "बसलं का कंबर आळशी होते," म्हणायचे.

गडी हे त्यांचं मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेच्या, नाटकातलं काम. नाटक जुनं, आमच्याच गावात कोणीतरी लिहिलेलं: गड्याच्या हुशार पोराला तहसीलदार व्हायचं असतं आणि मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, त्याला शाळेतून काढून नांगरामागे लावतो. गडी हात जोडून उभा राहतो, बस. मामा स्वतः असेच सातवीतून उठून पाटलांकडे सालदार म्हणून लागले होते. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

आमच्याकडचा रिवाज असा, की ज्याच्या खळ्यात स्टेज आणि ज्याच्या घरची खुर्ची, मालगुजाराचं काम त्याच घराचं. म्हणजे पाटलांचं. पंक्चर काढता काढता मामा मात्र मालगुजाराची भाषणं म्हणायचे, अगदी खर्जात. "एक डाव त्या खुर्चीत बसाचं हाय, भाऊ," एकदा मला म्हणाले. मी म्हटलं, "मग मागा ना ते काम!" त्यांनी पाना खाली ठेवला. "मांगून नाई. देल्लं पायजे."

मग बरीच वर्षं ते नाटक बंदच होतं. दोन हजार दहाच्या सुमारास आम्ही पोरांनी ते पुन्हा काढलं. पाटलांचे गुडघे गेलेले, मुलगा नागपूरला. मालगुजार मामाच, असं आम्ही एकमुखानं ठरवलं. खुर्ची तेवढी रिवाजाप्रमाणे पाटलांकडून आली. गड्याचं काम माझ्याकडे आलं.

मामा त्या खुर्चीत असे बसले, की मला खरोखर भीती वाटली. मी हात जोडून पोरासाठी गयावया केली. आता त्यांनी "नांगर धर म्हण त्याले" एवढंच गरजायचं होतं. तेवढ्यात काठी टेकत पाटील पुढच्या रांगेत आले.

मामा उठून उभे राहिले. पगडी काढून हातात घेतली. स्टेजवर आम्ही दोन गडी.

खळंभर हशा पिकला. पाटील बिचारे ओशाळले. मायेनंच म्हणाले, "बस बस रे, चालू दे." मामा बसले. पुढचं काम त्यांनी झकास केलं, टाळ्याही पडल्या. पण मला राग आवरेना. पाटलांवर रागवावं तर ते चांगलेच वागले होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. मामा चाक फिरवत उभे होते. मी तोंडभर कौतुक केलं. ते म्हणाले, "बसलो ना, पण त्यायनं बस म्हटलं तवा बसलो." त्यांचे डोळे भरून आले होते.

पुढच्या वर्षी त्यांनी गड्याचंच काम मागून घेतलं, आणि जाईपर्यंत तेच केलं. मी खूप भांडलो. मालगुजार तुम्हीच करा म्हणून हट्ट धरला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गडी झालो तं लोक म्हणतेत, मामा नाटक करून रायला. मालगुजार झालो, अन् समद्यायले खरं दिसलं."