उंदीर चावला आणि कावीळ उतरवली

आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कुरुंद्याला आमच्या घरी हळद शिजवून वाळत घातली, की महिनाभर सगळ्यांचे हात पिवळे. साबणानं घासा नाहीतर राखेनं. हळकुंडं निवडताना सासूबाईंनी पोत्यामागं हात घातला आणि उंदीर बोटाला चावला. त्यांनी समोरचीच हळद जखमेत दाबली. दोन-तीन दिवसांत जखम भरली, विषय संपला.

आठवड्यानं थंडी वाजून ताप आला. सांधे असे धरले की लुगडं नेसता येईना. सासऱ्यांनी त्यांचे तळहात पाहून निदान केलं, "कावीळ हाय. हात बगा कसे पिवळे पडलेत."

हळदीच्या गावात, हळदीच्या घरात! डोळे पांढरेच होते, ते कुणी पाहिलेसुद्धा नाहीत.

कावीळ उतरवणारा बाबा आला. त्यानं चुन्याच्या पाण्यानं त्यांचे हात चोळले आणि परातीतलं पाणी लालभडक झालं. "लई जहाल हाय," तो म्हणाला, "तीन दिस उतरवावी लागंल." सगळ्यांनी हात जोडले. हळदीत चुना पडला की लाल होतं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

चौथ्या दिवशी त्या तापात बरळायला लागल्या, तेव्हा कुठं वसमतला नेलं. डॉक्टरांनी स्पिरिटच्या बोळ्यानं तळहात पुसला. पिवळ्याखाली लाल पुरळ होतं. तळपायांवरही तेच.

"यांना काही चावलं होतं का?"

"उंदीर चावला व्हता," सासरे म्हणाले, "पण ते कवाच भरलं की."

डॉक्टर भडकले. उंदराच्या तोंडातले जंतू रक्तात शिरतात, म्हणाले, वरून जखम भरली म्हणून काय झालं? पेनिसिलिन सुरू केलं. सासूबाई वाचल्या. उजव्या हाताची मूठ मात्र अजून वळत नाही. भाकरी आता मी थापते.

बाबाचा राग येतो, सासऱ्यांचा येतो. पण त्यांना त्या लाल रंगामागचं कारण माहीत नव्हतं, एवढं तरी म्हणता येईल. मी शाळेत विज्ञान शिकवते. हळद आणि चुन्याच्या निवळीचा प्रयोग सातवीला दरवर्षी करून दाखवते. यंदा पाणी लाल झालं तशी मागून एक मुलगी ओरडली, "बाई, कावीळ उतरून राहिली!"

वर्ग खो खो हसला. मला हसू आलं नाही. त्या तिन्ही दिवशी, सासऱ्यांपुढं बोलायचं नाही म्हणून मिठाची गुळणी धरून, बाबाच्या हातावर तांब्यानं पाणी मीच ओतत होते.