गोठ्यामागची दोरी

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही हिंगोलीजवळच्या गोरेगावात राहायचो, आई, बाबा, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान बहीण. तिची मान केळीच्या गाभ्यासारखी, आणि माझ्या मानेवर गजकर्णाचं रुपयाएवढं वर्तुळ.

मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली. चार दिवसांत डाग गेला, मी गावभर मान वर करून फिरले. ट्यूब संपली आणि डाग परत आला तो पार कानापर्यंत. पुन्हा ट्यूब, पुन्हा तेच. शेवटी जीपनं हिंगोली गाठली. डॉक्टर ट्यूब पाहूनच चिडले. "हिच्यानं वरची लाली जाते, आत बुरशी वाढतच राहते," म्हणाले. त्यांनी महिनोन्महिने घ्यायच्या गोळ्या दिल्या, उग्र वासाचं मलम दिलं आणि माझा टॉवेल, कपडे वेगळे ठेवायला सांगितलं.

आईनं ते फारच मनावर घेतलं. सगळ्यांचे कपडे अंगणातल्या दोरीवर, माझ्यासाठी गोठ्यामागं नवी दोरी. डॉक्टरांनी टॉवेल वेगळा करायला सांगितला होता, आईनं मलाच वेगळं काढलं. अंगणात बहिणीच्या ओढण्या उडताना दिसल्या की माझ्या पोटात दुखायचं.

त्यातच मला बघायला पाहुणे आले. पोहे खाल्ले, माझ्या मानेकडे पाहिलं आणि दोन दिवसांनी निरोप धाडला, धाकटी दाखवणार असाल तर येतो. आई म्हणाली, "थोरलीचं झाल्याबिगर धाकटीचं न्हाई." पण तिच्या आवाजात जोर नव्हता. बहीण चुलीपाशी गप्प बसून होती. मला तिचं गप्प बसणंही सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिचा टॉवेल घेतला. मलम लावलेली मान घासून घासून पुसली आणि टॉवेल घडी घालून जागेवर ठेवला. असं चार-पाच दिवस केलं. चुकून नव्हे.

तिच्या मानेवर वर्तुळ उठलं तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पाहुण्यांचा विषय संपला. तिनं गुपचूप आपले कपडे माझ्या दोरीवर आणून टाकले. पण तिनं ट्यूबला हात लावला नव्हता, पहिल्यापासून डॉक्टरांच्याच गोळ्या घेतल्या. महिना-दीड महिन्यात तिची मान स्वच्छ झाली. माझं औषध अजून चालूच होतं. पुन्हा माझा जळफळाट.

कपडे मात्र ती गोठ्यामागंच वाळत घालत राहिली. एका दुपारी मी तिरसटासारखं विचारलं, "बरी झालीस ना? मंग इथं काहून येऊन राहिलीस?"

ती ओढणीला चिमटे लावत होती. "माझ्या टॉवेलाला तुझ्या मलमाचा वास येत व्हता," ती म्हणाली. "माझ्या ध्यानात आलं तवर डाग उठला व्हता."

मी विचारलं, "आईला काहून न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आईनं तुझी दोरी अजून लांब बांधली असती."