सखूबाईचा अर्धा धवला

खांदा कॉलनीत गाडीच्या गॅरेजात भगवानने पेटीचा क्लास काढला, तेव्हा त्याची आई सखूबाई गावभर सांगत सुटली, "माजा पोर मास्तर झाला!"

तशी तीही काही कमी नव्हती. सखूबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, तिच्याच तोंडून निघायची; त्याशिवाय नवरीला हळद लागत नसे.

बघता बघता गॅरेजाचा हॉल झाला, खारघरला शाखा निघाली, परीक्षा आल्या. धवले तेवढे आले नाहीत. गावात लग्नाला डीजे, आणि म्हातारी थकलेली. भगवानला एकच धास्ती, ही गेली की गाणी गेली.

"आये, पोरींना शिकव ना."

"लगीन नाय तं धवला नाय. उगाच गायला तं कोनाचा तरी घर मोडतं."

फोनवर भरून घ्यायलाही तिची तीच ना.

आता भगवानची शक्कल बघा. त्याने क्लासमध्ये चक्क बाहुला-बाहुलीचं लग्न मांडलं. मांडव खरा, हळद खरी. "मेल्या, मास्तर झालास तरी येडाच रेलास!" म्हातारी पोट धरून हसली. पण लुगडं नेसून आली, मांडवात बसली आणि गाऊ लागली. पोरी मागून ओळ झेलू लागल्या. भगवान दाराशी भरल्या डोळ्यांनी उभा.

तेवढ्यात एका मुलीची आई कुजबुजली, "सर, आजींना शॉर्टमध्ये आवरायला सांगा ना. मुलींचं ट्यूशन आहे."

भगवानने सवयीने हात वर केला. वर्गात गाणं थांबवायला रोज करायचा, तसाच. पोरी गप्प झाल्या. सखूबाईही गप्प झाली. धवला मधे तोडत नाहीत, हे त्याला हात खाली येता येता आठवलं.

"आये, गा ना पुढं!"

"लगीन मोडलास, भगवान," एवढंच ती बोलली.

थट्टेतलं लग्न तिने खरं धरलं. पुढे सख्ख्या नातवाच्या, केतनच्या हळदीला धवला गा म्हणून भगवानने तिचे पाय धरले.

"मोडल्या लग्नाची धवलारीन मी. तुज्या पोराला माजा तोंड नको लागाया."

हळद डीजेवर लागली. शिमग्याआधी म्हातारी गेली.

सुतक फिटल्यावर क्लास उघडला. सई नावाची विद्यार्थिनी तो धवला गुणगुणत आत आली आणि मधेच अडली.

"सर, पुढची ओळ काय होती?"

पुरुषाने धवला मांडवाबाहेरूनच ऐकायचा, शिकायचा नाही. भगवानला पुढची ओळ येत नव्हती.

"अर्धा गायचा नसतो गं तो," तो म्हणाला. "सोडून दे. पुन्हा तोंडात आणू नकोस."

सईने मान डोलावली. भगवानने पेटी उघडली आणि परीक्षेचा राग सुरू केला.